तिथीची पाऊणपट

त्या वॉर्डात रामनाथशी सगळे ओरडून बोलत. गोळ्या देणारी मुलगी ओरडे, लादी पुसणारी मावशी ओरडे, रक्त न्यायला येणारा तर वाकून थेट कानात "आजोबाऽऽ, हात!" असं ओरडे. दर ओरडण्याला रामनाथ डोळे घट्ट मिटून मान खांद्यांत ओढून घेई, आता पाठीत रट्टा बसणार असल्यासारखा. त्याची बायको जिजा चार वाजता, भेटायची वेळ झाली की आत येई आणि हे बघे. बघून गप्प राही. ओरडायला तिनंच सांगितलं होतं.

प्रतिपदेच्या सकाळी तो अंगणात पडला, खुब्याचं हाड मोडलं. चाकाच्या खाटेवर घालून त्याला इथे आणलं तेव्हा एका तरुण डॉक्टरानं कागद पुढ्यात धरून विचारलं होतं, "आजोबा, आज वार कोणता?"

"पानी चढलं काय?" रामनाथ म्हणाला.

डॉक्टरानं मान वर केली. आणि जिजाच्या तोंडून तीन वर्षांच्या सवयीनं आपोआप निघून गेलं, "त्यांना कमी आयकू येतं, डॉक्टर. मोठ्यान बोला."

"विसरायला होतं का? डोक्याचं काही औषध चालू आहे?"

थोरला मुलगा कल्पेश खाली बुटांकडे बघत राहिला. जिजा म्हणाली, "नाय नाय. डोका एकदम साफ हाय त्यांचा."

तसं लिहिलं गेलं. ऑपरेशन झाल्यावर रामनाथ उठायला धडपडू लागला, तेव्हा डॉक्टरांनी कागद उघडून बघितला. डोकं साफ, कान अधू. मग डॉक्टरांनी कल्पेशला दारूबद्दल विचारलं, कल्पेश म्हणाला, "ताडी घ्यायचे पूर्वी." दारू तुटल्यामुळे असं होतं, असं ठरलं. रामनाथनं ताडी सोडून तीस वर्षं झाली होती, पण ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

जिजाला हे लपवणं अवघड कधी गेलंच नव्हतं. जूचंद्रात, त्यांच्या गावात, हळदीला, बारशाला, कुणाच्या दिवसकार्याला दोघं जात. कुणी पुढे येऊन म्हणे, "काय रामनाथकाका, वलखलाव काय?" की जिजा आधीच म्हणे, "अगो बाय, ही तर सावल्याची धाकटी. किती मोठी झाली ही!" रामनाथ हसून मान डोलवी. बँकेत अंगठ्याखालचा कागद तीच सरकवी. जेवताना त्याचा हात कालवणाच्या वाटीऐवजी पाण्याच्या तांब्यात गेला तर ती तांब्याच बाजूला घेई आणि सुनेला म्हणे, "त्यांना गार पानी नको झालंय." नवऱ्याच्या आठवणीतलं जे काही उरलं होतं ते सगळं जिजाच्या तोंडात होतं.

आणि ती हे का करी, तेही तिला नीट ठाऊक होतं. तिच्या माहेरी, ती सात-आठ वर्षांची असताना, एका चुलत आजीला असंच झालं होतं. तिला पडवीच्या खांबाला दाव्यानं बांधून ठेवीत. पोरं लांबून खडे मारीत. जिजानंही मारले होते. म्हातारी खड्यानं हलायची नाही, पण बघायची. ते बघणं जिजाच्या मनातून सत्तर वर्षांत गेलं नव्हतं. आपल्या माणसाला तसं कुणी बघू नये, बांधू नये, एवढंच तिला हवं होतं.

षष्ठीच्या दिवशी चार वाजता ती आली तेव्हा बरोबर कल्पेश होता, त्याची मुलगी तेजस्वी होती, आणि खाटेशी सुनंदाबाई सफरचंदांची पिशवी घेऊन आधीच उभ्या होत्या. एव्हरशाईन सिटीतल्या या बाईंच्या मुलाशी, कौस्तुभशी, तेजस्वीचं जमलं होतं. पौष संपला की माघात साखरपुडा ठरला होता. बाईंचे यजमान दिनानाथराव मंत्रालयातून निवृत्त झालेले. घरातली सगळी माणसं नीट कपड्यांची, नीट बोलणारी. कल्पेश त्यांच्यापुढे उगाचच जास्त शुद्ध बोलायला बघे.

"अहो, तुम्ही कशाला तसदी घेतलीत, सुनंदाताई."

"तसदी कसली? घरचंच माणूस." त्या रामनाथकडे वळल्या आणि त्यांनीही आवाज चढवला, "काय आजोबा? बरं वाटतंय ना?"

रामनाथनं डोळे मिटले. गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढलेली होती. सगळ्या दिवसांत ती अशीच ओढलेली असे, आणि तो गुंगीत असे. थंडीसाठी असेल, असं जिजाला वाटे.

पण आज साडेचार वाजायच्या बेताला तो हलू लागला. आधी पाय. मग खांदे. खाटेचे लोखंडी कठडे खडखडले.

"उघारी," तो म्हणाला. "उघारी रायली."

जिजानं बोटं मोजली. षष्ठी. सहा त्रिक अठरा, चारानं भागले की साडेचार. सहा दिवसांत हे तिच्या कसं लक्षात आलं नाही? भरतीची वेळ रोज पाऊण तास पुढे सरकत सरकत आज भेटायच्या वेळेत आली होती.

"होय हो, जातंय मी बघाया," ती त्याच्या कानाशी हळू म्हणाली आणि त्याचा हात धरायला चादरीखाली हात घातला. हात सापडला, पण उचलला जाईना. रामनाथनं जोर केला तशी चादर घसरली. मनगटाला चार-चार पदरी बँडेजची पट्टी होती, पट्टीचं दुसरं टोक कठड्याला. पट्टीखालची कातडी सोलून लाल झाली होती.

"अगं बाई!" सुनंदाबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"कोनी बांधलं?" जिजानं विचारलं.

कल्पेशनं चादर पुन्हा वर ओढली.

"मी इचारतंय, कोनी बांधलं यांना?"

"आये, भाईर चल," कल्पेश म्हणाला. "चल. इथं नको."

लिफ्टजवळच्या बाकांपाशी जिजाची धाकटी लेक विनया भेटली, नायगावहून आत्ताच पोचलेली, कपाळाचा घाम पुसत. भावाचं तोंड बघून ती थांबली. "काय झालं? बाबा बरं हाय ना?"

"बरं हाय. बांधलंय त्याला," जिजा म्हणाली.

"त्यांनी मला विचारलं व्हतं," कल्पेश म्हणाला. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. पेशंट उठतो, पडला तर पुन्हा हाड जाईल. सही मागितली. मी दिली. तुला सांगितलं असतं तर तू दिवसभर रडत बसली असतीस. आनि काय करनार व्हतो, आये? मी चोवीस तास हात धरून बसू?"

"पन बाबा उठतोच का असा?" विनया म्हणाली. "मोडल्या पायान? येडा हाय का तो?"

कल्पेश भिंतीकडे बघू लागला. जिजा बाकावर बसली.

"तीन वर्सा झाली," ती म्हणाली.

"काय तीन वर्सा?"

"त्यांना काय आठवत नाय. वार नाय, नावं नाय. तुजं नाव पन नाय, विनया."

"असं कसं? मी दर आयतवारी फोन करतंय. 'कशी हायस बाय,' बोलतं. 'पोरं शालंत जातान काय,' बोलतं. सगलं बरोबर बोलतं."

"मी बाजूला बसून सांगतंय. मी बोलतंय तसं ते बोलतात."

विनयानं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "म्हंजे तीन वर्सं मी बापाशी बोल्लेच नाय. तुज्याशीच बोलत व्हते."

जिजाला त्या फोनांची गंमतही वाटायची आधी, नाटकातल्या मागून बोलणाऱ्या माणसासारखी. लेकीचे दीडशे आयतवार आपण खाल्ले हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"आनि दादूस, तुला म्हाईत व्हतं?"

"अंदाज व्हता," कल्पेश म्हणाला. "आये नाय बोलत तर मी कशाला बोलू?"

"मना सांगू तरी द्या आता," जिजा उठली. "त्या सिस्टरला सांगतंय. उघारीचं सांगतंय. त्या बिचाऱ्यांना काय ठाव?"

उघाडीचं त्या तिघांनाही ठाऊक होतं, घरच्या गोष्टीसारखं. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून बांधाला फळ्यांचं दार असे, ती उघाडी. भरतीला घट्ट लावायची, ओहोटीला उघडायची. गावाच्या मोठ्या बांधाची उघाडी या घराकडे तीन पिढ्या होती. रामनाथ एकोणीस वर्षांचा असताना एका भरतीला त्याला झोप लागली आणि बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं. तीन वर्षं त्या शेतांत भात झाला नाही. बापानं त्याला मारलं नाही, तीन वर्षं त्याच्याशी बोलला नाही फक्त. पुढे जन्मभर रामनाथची एकही भरती चुकली नाही. उघाडी बुजली, वर मुरूम पडला, मुरुमावर बावीस मजले चढले, तरी चुकली नाही. डोक्यातलं बाकी सगळं निघून गेलं तेव्हा एवढंच मागे राहिलं. भरतीला तो उठे. जिजा त्याचं बोट धरून त्याला मागच्या कुंपणाच्या फाटकाशी नेई. तो वाकून कडी लावी, हात लावून बघे, आणि शांतपणे परत येऊन निजे. घरात ती सांगे, पाय मोकळे करून आलो.

"आये, आयक," कल्पेश तिच्यापुढे आला. आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "सांग तू. मी नको बोलत नाय. पन माघ जाऊ दे. आत ती बाई उभी हाय. घरान्यात असं हाय म्हटलं की लोक काय बोलतात तुला म्हाईत हाय. आज आजा, उद्या बाप, परवा पोरगी. पोरीचं काय व्हईल?"

"माघ कवा?"

"चार आठवडं."

"चार आठवडं ते बांधून रातील काय?"

"मी तसं नाय बोल्लो."

"तसंच बोल्लास. मी पन तसंच बोल्ले, तीन वर्सा. हा सन जाऊ दे, ही हलद जाऊ दे."

दाराशी तेजस्वी उभी होती. तिच्यामागे सुनंदाबाई. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता.

"पप्पा, माझं नाव घेऊन काही अडवू नका," तेजस्वी म्हणाली. "प्लीज. मला नंतर ते आयुष्यभर आठवत राहील."

सुनंदाबाईंनी पदर सावरला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण त्या म्हणाल्या, "आजी, आम्हाला आधी कळवायला हवं होतंत. असं लपवायला नको होतं. मी घरी बोलते ह्यांच्याशी." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेल्या.

जिजानं त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग ती आत वळली.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर सालोमी, गिरीज गावच्या, पन्नाशीच्या, टेबलाशी बसून नोंदी करत होत्या. चाळीस खाटा आणि पाळीला दोन सिस्टर. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय आजी? वेळ संपत आली."

"सिस्टर, त्यांना आयकू येतं."

"काय?"

"कमी आयकू येतं असं मी बोल्ले व्हते ना? खोटं व्हतं ते. टाचनी पडली तरी त्यांना आयकू येतं. तुमी सगली ओरडता त्यान ते घाबरतात."

सालोमींनी पेन खाली ठेवलं. जिजा उभ्या उभ्या सांगत गेली. तीन वर्षं, फोन, तांब्या, उघाडी. सांगायला लागल्यावर ते फार मोठं नव्हतंच. पाच-सात मिनिटांत संपलं.

"देवा रे," सालोमी म्हणाल्या. "सहा दिवस आम्ही त्या माणसाच्या कानात किंचाळतोय." मग त्यांनी एक कोरा कागद ओढला. "आमच्याकडे फक्त कुठलं हाड मोडलं तेवढंच येतं, आजी. माणूस कोण आहे ते येतच नाही. सांगा मला. काय म्हटलेलं त्यांना आवडतं?"

"काका म्हना. गावात सगले काकाच बोलतात. आजोबा कोन ते त्यांना समजत नाय."

"खायला?"

"भात मऊ. वरून मासली. नुसती पेज देता ती थुकतात, ती आजारी मानसाची हाय बोलतात."

"आणि उठतात कधी? आमच्या नोंदीत लिहिलंय, 'कधीही उठतात, ठरावीक वेळ नाही.'"

"हाय ना वेल. आज साडेचारला. उद्या सव्वापाचला. परवा सहाला."

सालोमींनी तिच्याकडे जरा संशयानं बघितलं. या बाईचंही तसंच आहे की काय, असं ते बघणं होतं.

"तिथीला तिनानं गुनायचं, चारानं भागायचं," जिजा म्हणाली. "पाऊनपट. त्या वेलेला पानी पुरं चढतं. दिवसा तसं रात्री. माज्या सासऱ्यानी सांगतलेलं, लगीन झालं त्याच आठवड्याला."

सालोमी नोंदवही मागे उलटत गेल्या. तृतीया, सव्वादोन वाजता, 'रुग्ण अस्वस्थ, उठण्याचा प्रयत्न'. चतुर्थी, तीन. पंचमी, पावणेचार. बोट ठेवून त्यांनी तिन्ही ओळी दोनदा वाचल्या.

"आमच्या गावात माझे आजोबा सांगायचे हे," त्या हळूच म्हणाल्या. "होडीवाल्यांसाठी. मी विसरले होते." त्यांनी वही मिटली. "आजी, मी बांधलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या पाळीत मीच बांधलं. दोन बायका, चाळीस माणसं, कोण कधी पडेल. पण तेही काही उत्तर नव्हे. उद्या डॉक्टरांशी बोलते. मेट्रनशीही बोलते. भरतीच्या वेळेला तुम्ही आत बसायचं, भेटायची वेळ असो नसो. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा."

"मी पहिल्या दिवशी बोल्ले असते तर?"

"तर मी पहिल्या दिवशी विचारलं असतं का, तेही मला माहीत नाही," सालोमी म्हणाल्या.

सप्तमीला दुपारी खाटेच्या उशाशी कागद लागला होता. सालोमींच्या टपोऱ्या अक्षरात: 'काका म्हणावे. हळू बोलावे, ऐकू येते. भरतीला उठतात, घाबरू नये.' खाली पुढच्या दहा दिवसांच्या वेळा. डॉक्टरांनी गुंगीचं औषध कमी केलं होतं, खुर्चीत बसवायला हरकत नाही म्हणाले होते. रक्त न्यायला येणाऱ्यानं कागद वाचला आणि तो जवळजवळ कुजबुजून म्हणाला, "काका, हात देता का?" पलीकडच्या खाटांवरची माणसं हसली. रामनाथनं डोळे मिटले नाहीत.

विनया आली होती. ती बापाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, मी विनया." बाप तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं आदबीनं बघत होता. जिजाच्या जिभेवर शब्द आले, 'बोला, कशी हायस बाय,' आणि तिनं ते गिळले. रामनाथ काहीच बोलला नाही. विनया तरीही बसून राहिली, त्याच्या पायाचा अंगठा हातात धरून. कल्पेश दाराशी फोन घेऊन फेऱ्या घालत होता. एव्हरशाईनहून काही कळलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी सालोमी आल्या. त्यांनी स्वतः पट्ट्या सोडल्या, एक, मग दुसरी, आणि मनगटांना मलम लावलं. दोघींनी मिळून त्याला खिडकीशी खुर्चीत बसवलं. खिडकीच्या कडीशी त्याचा हात पोचेल, अशी खुर्ची जिजानंच ओढून ठेवली होती. कडी लावायची, हात लावून बघायचं, आणि निजायचं. एवढंच तर होतं.

सव्वापाच झाले. जिजा वाकली. "चला," ती म्हणाली, "पानी चढलं. उघारी लावाची ना?"

रामनाथ खिडकीकडे बघत होता. त्याला ऐकू आलं होतं. भरतीची वेळही त्याला कळली होती. खांद्यांतून ती शिरशिरी येऊन गेलेली जिजानं बघितली. ती थांबली. विनया उठून उभी राहिली. कल्पेश आत आला.

रामनाथनं हात उचलले. पण कडीकडे नाही. दोन्ही मनगटं त्यानं एकमेकांना जुळवली, मलमानं चकाकणारी, आणि जिजापुढे धरली.

"बांध," तो म्हणाला. शहाण्यासारखा, कुणाला त्रास न देणाऱ्या माणसासारखा.

"नाय हो. बांधाचं नाय. कडी लावा."

त्यानं मनगटं आणखी जरा पुढे केली आणि तिच्याकडे बघितलं. ते बघणं जिजाच्या ओळखीचं होतं, पडवीत बांधलेल्या म्हातारीचं. रोज पट्टी घेऊन येणाऱ्या बाईकडे बघावं तसं तो बायकोकडे बघत होता.

सालोमी तोंड फिरवून पट्ट्यांची गुंडाळी करू लागल्या. जिजानं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. खाडीला पाणी पुरं चढलं असेल, थोड्या वेळानं उतरायला लागलं असेल. आत कुणी हललं नाही. हात सोडले की तो पुन्हा पुढे करी. म्हणून ती धरून राहिली, आणि आपण धरलंय ते त्याला कसं वाटत असेल, हे तिला विचारता येईना.